जमीन गोठायच्या आधी

२९ सप्टेंबर १९५८, सोमवार

पोहोचलो एकदाचे. ट्रकवाल्याने कपाट आत घेताना एक कोपरा खरवडला, पण ती बाजू भिंतीकडे केली की दिसणार नाही. बाकी एक बशीसुद्धा फुटली नाही. देवाचे आभार.

ही वही मागल्या वर्षीच्या किराणा-हिशेबाची. अर्धी कोरी राहिली होती. कोरी पानं टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून इथे रोजचं थोडंफार लिहीत जाईन.

घर चर्चचं आहे, आम्हाला भाड्याने दिलंय. वर दोन खोल्या, खाली दोन, मागे लाकडी पायऱ्या आणि पायऱ्यांखाली हिरवळ! लग्नाला अकरा वर्षं झाली, ती सगळी आम्ही नेब्रास्कात, पिठाच्या गिरणीमागे, एका न्हाव्याच्या दुकानाच्या माडीवर काढली. खिडकीतून दिसायचं ते समोरच्याचं धुराडं. इथे मागच्या पायरीपासून कुंपणापर्यंत चाळीस पावलं आणि आडवी पंचवीस पावलं, नुसतं गवतच गवत. मी बूट-मोजे काढून एक फेरी मारून आले. लाइल पायरीवर बसून हसत होता. म्हणाला, लोक म्हणतील चर्चने घर माणसांना दिलं की गाईला.

लाइल हसला हे महत्त्वाचं. गिरणीतल्या पिठाने त्याची छाती भरली. तिथल्या डॉक्टरनेच सांगितलं, गिरणी सोडा नाहीतर बायको विधवा होईल. त्यानेच मला घड्याळ लावून श्वास मोजायला शिकवलं. दोन वर्षं मी रोज मोजते. निरोगी माणसाचे मिनिटाला सोळा, लाइलचे वीस. इथल्या दूधसंघाच्या कचेरीत त्याला बसकं काम मिळालंय. आज तो जिना मध्ये न थांबता चढला. मी खालून कान लावून होते.

संध्याकाळी शेजारच्या मिसेस मोएन आल्या. सत्तरीच्या, विधवा, पाठ अजून फळीसारखी ताठ. बटाट्याच्या लेफ्सा, म्हणजे पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळून आणल्या होत्या. मी कॉफी विचारली. नको म्हणाल्या, म्हणून मी किटली परत शेगडीवर ठेवली. मग बाई अर्धा तास त्या किटलीकडेच बघत बसल्या. मला काही उलगडा होईना.

४ ऑक्टोबर, शनिवार

कॉफीचं कोडं सुटलं. दूधसंघात लाइलला सांगितलं म्हणे, ह्या गावात कोणतीही गोष्ट तीनदा विचारायची असते. पहिले दोन नकार नुसते रीतीचे. तिसऱ्यांदा काय म्हणतात ते खरं. आमच्याकडे एकदा नाही म्हणजे नाही. बिचाऱ्या मिसेस मोएन!

आज सगळ्या गल्लीने हिवाळ्याआधीची गवताची शेवटची कापणी केली. सकाळी नऊपासून प्रत्येक घरामागे हातयंत्राचा करकर आवाज. आमचं यंत्र चर्चच्याच शेडमधलं, पात्यांना गंज. लाइलने पायरीवर बसल्या बसल्या कानस घेऊन त्यांना धार लावली. म्हणाला, मला बसकी कामं देत जा, मी तुला गाव विकत घेऊन देईन. मिसेस मोएन कुंपणाला टेकून सांगत होत्या. पातं दोन खाचा खाली घे, दीड इंचावर जास्त गवत ठेवू नकोस, नाहीतर बर्फाखाली कुजतं. कुंपणाखालचं मेंढ्या कातरायच्या कात्रीने काप. पान एक राहू देऊ नकोस.

मेपलची पानं दंताळ्याने ओढून जुन्या चादरीत गोळा केली, चौदा चादरी झाल्या. गटारीच्या कडेला सगळ्यांबरोबर जाळली. डॅन्डेलायनच्या तणाची मुळं स्वयंपाकाच्या सुरीने खरवडून काढली. केसांना अजून धुराचा वास येतोय. पण वर खिडकीतून बघितलं तर हिरवळ अशी दिसत होती जशी नुकती इस्त्री फिरवलेली चादर. मी प्रभूला म्हटलं, दुसरं काही नको, हे एवढंच राहू दे.

मिसेस मोएन जाता जाता म्हणाल्या, पुढच्या शनिवारी रोलर येईल. हिरवळ नीट झोपवावी लागते इथे.

११ ऑक्टोबर, शनिवार

रोलरला मी नको म्हटलं.

तो रोलर चर्चचा आहे. लोखंडी पिंप, आत वाळू भरलेली, पुढे दोघांनी ओढायची आडवी मूठ. आज तो घरोघर फिरला. नवरा-बायको मिळून आपापल्या हिरवळीवर फिरवतात, मग पुढच्या घराला देतात. ऑर्व्हिल स्टेन्स्रूड म्हणून एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे त्याची देखभाल.

पण मी बियाण्यांच्या दुकानातून फुकट मिळालेली एक पत्रिका दोनदा वाचली आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की हिवाळ्याआधी रोलर फिरवला तर माती घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. उलट काट्याने जमिनीला भोकं पाडावीत, म्हणजे हवा आत जाते. हायस्कूलपर्यंत शिकून जर छापलेलं वाचून वागायचं नाही तर शिकायचं कशाला?

ऑर्व्हिलनी विचारलं, आणू का? मी म्हटलं, नको, आभारी आहे. त्यांनी आभाळाकडे बघितलं, म्हणाले हवा चांगली आहे, मुठीला वंगण दिलंय, मिस्टर सुंडविकना जमत नसेल तर एका बाजूने मी धरतो, आणू? मी नको म्हटलं. मग त्यांनी हॅट काढून हातात घेतली आणि म्हणाले, मिसेस सुंडविक, सगळी गल्ली करते. तिसरा नकार इथे खरा धरतात हे मला आता ठाऊक आहे, आणि माणसाला उगीच ताटकळत ठेवू नये, म्हणून मी हसून पण अगदी स्पष्ट सांगितलं की माझं ठरलंय, नको.

त्यांनी हॅट घातली. "बरं," म्हणाले. "मग बरं." आणि रोलर एकट्याने ओढत घेऊन गेले. मिसेस मोएनच्या खिडकीचा पडदा तेवढ्यात खाली पडला.

जेवणानंतर मी चार दातांचा काटा घेऊन सुरुवात केली. पायाने दाबायचं, सहा इंच आत, काढायचं, पुढे सरकायचं. माती आतून काळीभोर, चॉकलेटसारखी. निम्मी झाली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल रविवार, काट्याला हात लावला नाही. आज धुणं वाळत घालून उरलेलं पुरं केलं. पायरीपासून कुंपणापर्यंत सगळी हिरवळ भोकाभोकांची. लाइल म्हणाला, जमिनीला गोवर आलाय, आता हिला अंधाऱ्या खोलीत निजव.

काल चर्चमध्ये सगळ्यांनी आमची चौकशी केली. जरा जास्तच केली. लाइल कसा आहे, झोप लागते का, जेवतो का. माझ्या आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे. त्याच्या दुखण्याचं कोणी सांगितलं असेल. माणसं मायाळू आहेत.

लाइल : वीस.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं कडक दहिवर पडलं. सकाळी परसदारं पांढरीफेक, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचंही पांढरंच होतं, पण प्रत्येक भोकाभोवती नाण्याएवढं काळं ओलं कडं. तिथे दहिवर धरलंच नव्हतं. ऊन आलं तशी त्या भोकांतून वाफ निघायला लागली. पत्रिकेत होतंच की जमीन आतून ऊबदार असते. मी मिसेस मोएनना कुंपणावरून कौतुकाने दाखवलं. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लाइलला बरं वाटतं का? मी आनंदाने सांगितलं, बरंच बरं, अठरावर आला. त्या आत गेल्या.

खरंच अठरा. मी तीनदा मोजले. इथली हवा मानवली म्हणायची.

२० ऑक्टोबर, सोमवार

सोळा! निरोगी माणसाचे सोळा. इथल्या डॉक्टरना दाखवलं. छाती स्वच्छ, घरघर नाही, म्हणाले काय केलंत हो तुम्ही? मी गुडघे टेकून आभार मानले.

एक आपलं लिहून ठेवते. धुणं वाळत घालत होते, हवा पडलेली, एक पान हलत नव्हतं. भोकांतली वाफ सगळीकडून एकाच वेळी वर येत होती आणि एकाच वेळी थांबत होती. एवढ्या मोठ्या अंगणात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम. मी चिमटे तोंडात धरून उभी राहिले. सवयीने मोजलं. मिनिटाला चार.

वाऱ्यामुळे असेल. पण वारा नव्हता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज इस्त्री करायची होती, केली नाही. सारखी मागच्या दाराशी जाते, परत येते. वाफ पाच. लाइल पंधरा. पंधरा म्हणजे चांगलेच, पण मी काही कालच्याएवढी खूश झाले नाही.

जेवताना तो बोलता बोलता थांबला, घास हातात. मी विचारलं दम लागला का? नाही म्हणाला, मुळीच नाही, उलट इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. नुसतं मध्येच श्वास घ्यायची आठवण राहत नाही.

हसत म्हणाला. मला नाही हसू आलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

लाइल तेरा. अंगण सात.

मागली पानं उलटून बघितलं. सोळा आणि चार. पंधरा आणि पाच. तेरा आणि सात. आयुष्यभर हिशेब लिहितेय मी. एका बाजूने कमी होतं तेवढंच दुसऱ्या बाजूला वाढतं आणि बेरीज हलत नाही, तेव्हा ते काय असतं ते मला कोणी शिकवायला नको. गेलेलं कुठेतरी जमा होतंय.

देवा, मी वेडी होत असेन तर होऊ दे. पण बेरीज बदलू दे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काल दिवसभर भोकं बुजवली. शेडमधली वाळू, बादलीने आणून, प्रत्येक भोकात मूठमूठ, अंगठ्याने दाबून. नखं फाटली. मिसेस मोएन त्यांच्या पायरीवर हात कुशीत घालून उभ्या होत्या. आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.

सकाळी बघते तर भोकं उघडी. आणि प्रत्येकाच्या कडेला वाळूचा नीट छोटासा ढीग. फुंकर मारून काढल्यासारखा.

मी तिथेच, पायरीवर, मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागले. दोन ओळींनंतर लक्षात आलं की मी श्वासाला थांबते तिथे वाफ थांबते. मुद्दाम अध्येमध्ये थांबून पाहिलं. तिथेही थांबली. ऐकत असल्यासारखी.

प्रार्थना पुरी केली नाही. प्रभू क्षमा कर.

लाइल अकरा. कामावर गेला नाही, म्हणाला उगीच पडून राहावंसं वाटतं. मी हलवून म्हटलं श्वास घे. घेतला. मला बरं वाटावं म्हणून दोन जास्त घेतले. मग पुन्हा विसरला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आठ. आणि बारा.

डॉक्टर येऊन गेले. छाती स्वच्छ. नाडी मंद. डोकं खाजवलं त्यांनी. मी म्हटलं त्याला इथून हलवू का? म्हणाले असल्या नाडीवर गावाबाहेरसुद्धा नेऊ नका.

धुणं केलं नाही. सोमवारी धुणं न करण्याची जन्मात पहिली वेळ.

ओठ निळसर. मी शेजारी बसून त्याला आठवण करते. घे. आता सोड. घे. माझा डोळा लागला की

नाही लागणार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी मिसेस मोएनकडे गेले. दार वाजवलं नाही, सरळ आत. त्यांनी कॉफी विचारली, मी पहिल्याच वेळेला हो म्हटलं. त्यावरूनच त्यांना काय ते कळलं. कप ठेवून त्या समोर बसल्या.

म्हणाल्या, त्यांचे आजे-पणजे नॉर्वेहून आले तेव्हा इथे गवताचा समुद्र होता. मुळं दोन पुरुष खोल. नांगराने ते उलटं केलं, पण ते मेलं नाही. तोंड मातीत गेलं, एवढंच. पहिल्या हिवाळ्यात वस्तीतली आठ माणसं पडल्या पडल्या श्वास घ्यायची विसरली. दोन त्यात पोरं. मग बायांनी ओळखलं. हिवाळ्याआधी गवत खुरटं कापायचं, पान काढायचं, वरून दाबून टाकायचं, म्हणजे ते बर्फाखाली तोंड मिटून निजतं. आणि ऑक्टोबरात जमिनीला टोचायचं नाही. कधीच नाही.

१९२१ मध्ये त्यांची थोरली बहीण सेल्मा आमच्या ह्याच घरात राहायची. शाळेत शिकवायची. तिने ट्यूलिपचे कंद लावायला मागे खणलं. नाताळपर्यंत गेली. डॉक्टरने न्यूमोनिया लिहिलं, काहीतरी लिहावंच लागतं.

मी ओरडले. म्हटलं, हे मला त्या दिवशी का नाही सांगितलं? इतक्या वेळा कुंपणाशी उभ्या राहिलात!

त्या खरंच गोंधळल्या. म्हणाल्या, अगं, तुला तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा कसं विचारणार?

मग हळू आवाजात म्हणाल्या, एक उपाय आहे. रोलर कुंपणापासून घराकडे आणायचा. दर खेपेला घराकडेच. मागचं दार उघडं ठेवायचं. जमिनीत गेलेलं रेटत रेटत घरात परत येतं. ऑर्व्हिल मुलीकडे गेलाय, उद्या दुपारी येईल. रोलरच्या शेडची किल्ली माझ्याकडे आहे. आता अंधार पडला, सकाळी मुठीची दुसरी बाजू मी धरेन.

परवापासून कडाका आहे म्हणे. जमीन एकदा गोठली की भोकं एप्रिलपर्यंत उघडी.

लाइल सहा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळ, साडेनऊ. लाइलला खाली आणलं. स्वयंपाकघरात, मागच्या दारासमोर खाटेवर. सगळी पांघरुणं. दार सताड. लाइल पाच, अंगण पंधरा. वही एप्रनच्या खिशात आहे, प्रत्येक पट्ट्यानंतर लिहिते. लिहिलं नाही तर माझा माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

पहिला पट्टा. मोएनबाई एका बाजूला, मी एका बाजूला. भोकं पिंपाखाली जाताना आवाज होतो. ओठ चिकटून सुटावेत तसा. वाफ पुढे पळते, गवताला लागून, पायऱ्या चढून दारात. डोळ्यांनी बघितलं मी.

लाइल सहा. सहा!

रोलर बाजूच्या खडीवरून मागे न्यायचा, पुन्हा कुंपणापासून. हात सोलवटलेत. चालेल.

चौथा पट्टा. नऊ.

सातवा. तेरा. ओठ लाल. डोळे उघडून म्हणाला, दार लाव गं बाई, थंडी घरात घ्यायला भाडं भरतो का आपण? मी रोलरच्या मुठीवर डोकं ठेवून रडले. मोएनबाई म्हणाल्या, ओढ, ओढ, रडायला हिवाळा पडलाय.

दहावा. अठरा. उठून बसला. पाव मागितला.

अकरावा. वीस.

वीस. पुरी बेरीज. एकही बाहेर नाही. प्रभू, तुझी करुणा थोर आहे. मोएनबाईंना म्हटलं, झालं, मिळालं सगळं. तुमचे उपकार मी

मूठ सोडली नाही त्यांनी. म्हणाल्या, अजून चौदा पट्टे आहेत. मला वाटलं अर्धवट नको म्हणत असतील. ओढला.

बारावा. सव्वीस.

सव्वीस कसे? वीसच्या वर काही नव्हतंच. लाइलचे मुळात वीस, त्यातले पंधरा गेले होते. पंधरा परत आले. हे सहा कोणाचे?

पुन्हा मोजले. सव्वीस. तो माझ्याकडे बघतोय. पाव हातात तसाच.

मी मूठ सोडली. मोएनबाईंनी नाही. एकट्या ओढताहेत, सत्तर वर्षांची बाई, कमरेत वाकून. मी म्हटलं थांबा. म्हणाल्या, सदतीस वर्षं थांबले.

तेरावा. तेहतीस. एकावर एक पडताहेत. एक संपायच्या आत दुसरा, एकाच तोंडातून. मध्येच बारीक खोकला. कोरडा. बाईचा.

मोएनबाई जागीच थांबल्या. म्हणाल्या, सेल्मा. अगदी साधं, घरात कोणाला हाक मारावी तसं. आणि पुन्हा ओढायला लागल्या.

ऑर्व्हिल आले. रस्त्यावरूनच ओरडले. ह्या गावात मी पहिल्यांदा कोणाला ओरडताना ऐकलं. घराकडे नाही, घराकडे कधीच नाही, घरापासून कुंपणाकडे! तिकडे रेटायचं असतं! मग मोएनबाईंना, बोरघिल्ड, काय केलंस हे!

त्यांनी मोएनबाईंना उचलून बाजूला बसवलंय. त्या गवतात बसल्या आहेत, दाराकडे बघत. हसताहेत.

चाळीस. दारात उभा राहिलाय तो. तोंडातून वाफ निघतेय आणि थांबत नाही, आत कधी घेतो तेच दिसत नाही.

ऑर्व्हिल म्हणतात लगेच उलटा ओढायचा. पायरीपासून बाहेर. जमीन कडक व्हायला लागलीय, संध्याकाळी जमणार नाही. सगळे परत जातील. मी विचारलं, सगळे? त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, रोलरला निवडता येत नाही, बाई. पण तुला त्याचा श्वास ओळखता आला, तर त्याच्या नावाने हाक मारत राहा, त्याला धरून ठेव. बाकीचे जातील. चुकीचा धरलास तर तोच राहील.

त्यांनी मूठ धरलीय. मी म्हटलं एक मिनिट. घड्याळात एक मिनिट द्या. अकरा वर्षं ह्या श्वासाशेजारी निजले आहे मी, दोन वर्षं मोजलाय. ओळखेन.

एक जड आहे, म्हाताऱ्याचा. एक शिटीसारखा. एक तो खोकल्याचा. एक पोराचा, देवा, अगदी लहान पोराचा, झोपेतला. एक नाकातून, जरा अडखळत, हा, हा असेल, ह्याच्यात पिठाची घरघर, नाही, ती दुसऱ्याची, हा नाही. तो पलीकडचा, हळू, तो मला बघून जरा लवकर, तोच, लाइल, तोच, नाही, थांबा, अजून नका ओढू, हा बघा हा